स्क्रूवरची लाल रेघ

पार्सल बंद करण्याआधी मी एका जुन्या व्हिडिओ गेमच्या कार्ट्रिजच्या (गेम ज्यात असतो त्या प्लॅस्टिकच्या डबीच्या) मागच्या एका स्क्रूवर नेलपॉलिशची केसाएवढी बारीक लाल रेघ ओढली. अर्धी स्क्रूच्या डोक्यावर, अर्धी बाजूच्या प्लॅस्टिकवर. स्क्रू खोल खोबणीत बसलेला असतो, त्यामुळे टॉर्च मारल्याशिवाय ती रेघ दिसत नाही. पण स्क्रू कुणी जरासा जरी फिरवला तरी रेघ जुळत नाही. ज्यांना मी 'हा गेम अस्सल आहे' असं लिहून द्यायला पैसे मोजत होते, ते तो उघडून आत बघतात का, एवढंच मला जाणून घ्यायचं होतं.

गेम होता 'द लिजेंड ऑफ झेल्डा'. निन्टेन्डोच्या एनईएस या कन्सोलवर १९८७मध्ये अमेरिकेत आलेला, सोनेरी कार्ट्रिजवाला. त्याच्या बॉक्सला पुढच्या बाजूला एक खिडकी कापलेली असते आणि तिच्यातून आतलं सोनेरी प्लॅस्टिक दिसतं. त्या खिडकीच्या कडेचा पुठ्ठा सगळ्यात आधी झिजतो, कारण हातात घेणारं प्रत्येक मूल तिथे बोट लावून बघतं. आमच्या बॉक्सवरही ती कड पांढरी पडली आहे. गेम मूळचा दादाचा. आधी तो खेळला, मग मी. मॅन्युअलच्या मागच्या मोकळ्या जागेत त्याने पेन्सिलीने भुयारांचे नकाशे काढलेत: चौकोन, बाण, आणि बॉम्बने भिंत फुटते तिथे फुली.

सोबत दुसरा गेम पाठवला, तो १९९०चा 'डॉक्टर मारिओ', सीलबंद, म्हणजे वरचं प्लॅस्टिकचं वेष्टन न फोडलेला. तो मी बऱ्याच वर्षांपूर्वी एका संग्राहकाकडून घेतला होता आणि त्याचं सील कंपनीचंच की नंतर कुणी मारलेलं, ही शंका मनातून कधी गेली नव्हती. दोन्ही गेम नोव्हेंबर २०२१मध्ये ग्रेडिंगला गेले. ग्रेडिंग म्हणजे गेम अस्सल आहे का आणि किती चांगल्या अवस्थेत आहे ते बघून त्याला दहापैकी नंबर द्यायचा आणि लेबल लावलेल्या पारदर्शक केसमध्ये बंद करायचं. कंपनीचं नाव इथे लिहीत नाही. खाली ज्या कंपन्यांची नावं येतात ती जाहीर बातम्यांमधली आहेत, माझ्या अनुभवाशी त्यांचा संबंध जोडू नये.

ते वर्ष कसं होतं हे सांगितल्याशिवाय मी पाठवायला का निघाले हे समजणार नाही. फेब्रुवारी २०१९मध्ये 'सुपर मारिओ ब्रदर्स'ची एक सीलबंद प्रत १ लाख १५० डॉलरला गेली, तेव्हाच सगळ्यांचे डोळे विस्फारले होते. घेणाऱ्या तिघांमध्ये हेरिटेज ऑक्शन्स या लिलाव कंपनीचे सहसंस्थापक जिम हॅल्परिनही होते. एप्रिल २०२१मध्ये त्याच गेमची दुसरी प्रत हेरिटेजच्या लिलावात ६ लाख ६० हजार डॉलरला गेली. ९ जुलैला 'झेल्डा'ची एक सीलबंद प्रत ८ लाख ७० हजारांना, आणि दोनच दिवसांनी 'सुपर मारिओ ६४'ची प्रत १५ लाख ६० हजार डॉलरला. या सगळ्यांवर वाटा गेम्स या कंपनीची ग्रेड होती. मारिओ ६४वाल्या प्रतीला ९.८ आणि सीलला, म्हणजे वेष्टनाला, वेगळी ए++. ज्या गेमच्या १ कोटीहून जास्त प्रती खपल्या, त्यातल्या एकीची ही किंमत. म्हणजे दुर्मिळ काय होतं, तर लेबलवरचा नंबर.

ऑगस्टमध्ये कार्ल जोब्स्ट या यूट्यूबरने लांबलचक व्हिडिओ काढला. ग्रेड देणारे, लिलाव करणारे आणि मोठ्या रकमांनी विकत घेणारे यांचे हितसंबंध एकमेकांत अडकले आहेत आणि भाव मुद्दाम चढवला गेलाय, असा त्याचा आरोप होता. वाटा आणि हेरिटेज, दोघांनी तो नाकारला. पुढे मे २०२२मध्ये वाटावर कॅलिफोर्नियात ग्राहकांनी सामूहिक दावा लावला, त्यात बाजार फुगवल्याच्या आरोपाबरोबर कामाला लागणाऱ्या वेळेबद्दल दिशाभूल केल्याचाही आरोप होता.

माझ्या गेमला लाखांची किंमत येईल असं मला कधीच वाटलं नव्हतं. उघडलेला, खेळलेला, पेन्सिलीने रंगवलेला झेल्डा. तसे हजारो आहेत. मला विमा उतरवायचा होता. विमावाल्यांना त्रयस्थ संस्थेचा दाखला हवा होता आणि ग्रेडिंगचं लेबल त्यांना चालत होतं. पण खोटं कशाला बोलू, लेबलवर काय नंबर येतो याची उत्सुकताही होती. शाळेच्या निकालाची असते तशी.

फॉर्म भरतानाच पहिला खडा लागला. गेमची अंदाजे किंमत किती, हे आपणच लिहायचं, आणि फी त्या किमतीवर ठरणार. ग्रेड यायची आहे, किंमत ग्रेडवर अवलंबून, आणि तरी ती आधीच सांगायची. पुढे बारीक अक्षरात होतं की ग्रेड आल्यावर बाजारभावाने किंमत जास्त निघाली तर फरकाची फी भरावी लागेल. मी ती ओळ तीनदा वाचली. म्हणजे त्यांनी जितका वरचा नंबर द्यावा, तितकी त्यांची कमाई वाढणार. मुद्दाम कुणी नंबर वाढवतं असा माझा आरोप नाही. पण परीक्षकाचं मानधन विद्यार्थ्याच्या गुणांवर ठरत असेल, तर परीक्षक कितीही सचोटीचा असला तरी त्या पद्धतीवर विश्वास कसा ठेवायचा?

त्याच अटींमध्ये सातव्या पानावर आणखी एक वाक्य होतं: गेम चालतो की नाही हे तपासलं जाणार नाही. ते वाचूनही मी सही केली, हे मला आज खटकतं.

पॅकिंगला एक पूर्ण संध्याकाळ गेली. दोन्ही बॉक्सच्या सहाही बाजू मी स्कॅनरवर बाराशे डीपीआयला स्कॅन केल्या. कार्ट्रिज रीडरला लावून झेल्डाचा सेव्ह, म्हणजे कार्ट्रिजमध्ये साठलेला आमचा खेळ, कॉम्प्युटरवर उतरवून घेतला. त्यात तीन फाइली असतात. पहिलीवर दादाचं नाव आणि खाली ४३. तो गेम फाइलीवर आपण किती वेळा मेलो ते मोजून ठेवतो. दुसरी माझी. तिसरी रिकामी.

कंपनीने साठ कामाचे दिवस सांगितले होते. अकरा महिने लागले. त्यातले पहिले सात महिने त्यांच्या पानावर 'प्राप्त' एवढा एकच शब्द होता. फोन लागत नव्हता, ईमेलला ठरावीक मजकुराचं उत्तर यायचं. या काळात गेम कुठल्या कपाटात आहे, तिथे दमट आहे की कोरडं, कुणालाच सांगता येत नव्हतं. वाट बघण्याबद्दल जास्त लिहिण्यात अर्थ नाही, ज्यांनी पाठवलेत त्यांना ठाऊक आहे.

ऑक्टोबर २०२२मध्ये पार्सल आलं. डॉक्टर मारिओला ९.२, सीलला ए. झेल्डाला ६.५. दोन्ही जाड पारदर्शक केसमध्ये, कडा चिकटवून कायमच्या बंद केलेल्या. वर चकचकीत लेबल. झेल्डाच्या केसमध्ये बॉक्सच्या शेजारी एक पांढरा तंतू अडकलेला होता, कापसाचा असावा, तो आता कायमचा तिथेच राहणार होता. केस हलवली की आतला बॉक्स किंचित सरकायचा.

मी तो स्कॅनसमोर धरला. बॉक्सच्या उजव्या खालच्या कोपऱ्याजवळ एक घडी होती, अकरा मिलिमीटरची. स्कॅनमध्ये ती नव्हती. आतल्या पट्टीने कोपरा दाबला गेला होता आणि घडी बरोबर त्या पट्टीच्या रेषेत होती.

६.५ का? खिडकीच्या झिजलेल्या कडेचे किती गेले? पेन्सिलीच्या नकाशांचे किती? ती अकरा मिलिमीटरची घडी धरली की नाही, आणि धरली असेल तर ती कुणाच्या हातून पडली? लेबलवर यातलं काही नाही. मी ईमेल लिहिलं, स्कॅन जोडले. उत्तर आलं की ग्रेड म्हणजे आमच्या तज्ज्ञांचं मत आहे आणि ते अंतिम आहे. मी परत लिहिलं की मत मला मान्य आहे, मला मताची कारणं हवी आहेत. त्यावर, कारणं देण्याची सोय नाही, असं कळवलं. घडीबद्दल दोन्ही पत्रांत एक शब्द नव्हता.

हिऱ्याचा दाखला ज्यांनी पाहिला आहे त्यांना आठवेल. हिरे तपासणाऱ्या जीआयए या संस्थेच्या पूर्ण अहवालात हिऱ्याची आकृती काढून कुठे काय दोष आहे ते खुणांनी दाखवलेलं असतं. वजन, मापं, सगळं आकड्यांत. तो कागद घेऊन दुसरा जाणकार तोच हिरा तपासू शकतो, चूक असेल तर बोट ठेवून दाखवू शकतो. कॉमिक्सच्या ग्रेडिंगमध्येही ग्रेडरच्या नोंदी बघायला मिळतात: मागच्या पानाला दुमड, पाठीच्या घडीवर ताणाच्या रेषा, असं. गेमच्या बॉक्सला फक्त सहा बाजू असतात. त्यांचे फोटो काढून चार खुणा करायला किती वेळ लागतो? आणि तो वेळ वाचवायचा असेल तर मग आपण पैसे नेमके कशाचे देतो?

त्या रात्री मी दादाला फोन केला. सगळं सांगितलं, ६.५, घडी, ईमेल. त्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, "अगं, पण चालतोय का तो अजून?"

मी म्हणाले, "माहीत नाही. आता तो बाहेर काढता येत नाही."

"मग मी खेळायला आलो की काय करायचं?"

आम्ही दोघंही थोडा वेळ गप्प होतो. अकरा महिन्यांत, फॉर्मच्या नऊ पानांत, डझनभर ईमेलांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मीसुद्धा नाही.

आणि त्यातून मला बॅटरी आठवली. झेल्डाच्या कार्ट्रिजमध्ये सेव्ह टिकवण्यासाठी सीआर२०३२ची गोल बॅटरी आतल्या सर्किट बोर्डाला डाखलेली असते. मॅन्युअल सांगतं की बंद करताना रीसेट दाबून धरा आणि मगच पॉवर बंद करा, ते या सेव्हच्याच काळजीने. बॅटरी मूळची, म्हणजे पस्तीस वर्षांची. अशा बॅटऱ्या कधीकधी फुटतात, पाझरतात आणि शेजारचा तांब्याचा माग खातात. ज्या केसला 'जतन' म्हणून विकलं जातं, तिच्यात कुलूपबंद होऊन ते आत चाललेलं असतं आणि बाहेर लेबलवर ६.५ जसंच्या तसं चमकत राहतं. बॅटरीवर सेव्ह होणारा कुठलाही ग्रेडेड गेम असाच पडून आहे. एखाद्याला ९.६ मिळालेली असू शकते आणि आत बोर्ड हिरवा पडलेला असू शकतो, आणि हे कळायला काहीही मार्ग नाही.

केस फोडायचं ठरवलं. विमावाल्यांना काय सांगायचं ते नंतर बघू म्हटलं.

चष्मा, जाड हातमोजे, सपाट स्क्रूड्रायव्हर. केसच्या कोपऱ्यात जोडाची बारीक रेषा असते, तिथे टोक टेकवून हळूहळू पिळायचं. बराच वेळ काही होत नाही. मग एकदम कडाड आवाज येतो आणि सगळ्या बाजूने एक पांढरी चीर धावते. पहिल्यांदा तो आवाज ऐकला तेव्हा मला वाटलं बॉक्सच फाटला. मी थांबले, हात पुसले, दुसरा कोपरा धरला. चौथ्या कोपऱ्यानंतर झाकण सुटून हातात आलं. बॉक्स बाहेर काढला, कार्ट्रिज काढलं, उलटं केलं, टॉर्च मारली.

लाल रेघ अखंड होती.

कुणीही ते उघडलं नव्हतं. बाहेरून दिसणाऱ्या प्लॅस्टिकवरून, स्टिकरवरून आणि खालच्या पिनांवरून 'अस्सल' ठरवलं होतं. सोनेरी कार्ट्रिजच्या नकला बाजारात आहेत. अस्सल कवचात नकली बोर्ड बसवणं तर त्याहून सोपं, ३.८ मिलिमीटरचा एक पाना असला की दोन मिनिटांचं काम. अस्सलपणा ठरतो तो बोर्डावर: निन्टेन्डोची छाप, चिपांवरचे क्रमांक, डाख. ते बघायचं तर स्क्रू फिरवावा लागतो.

मी फिरवला. बोर्ड अस्सल निघाला. बॅटरीच्या ऋण टोकाच्या पत्रीवर मिठासारखा पांढरा थर धरला होता, नखाएवढा. मल्टिमीटरवर २.७ व्होल्ट आले, म्हणजे सेव्ह अजून जिवंत होता, पण गळती सुरू झाली होती. तांब्यापर्यंत पोचायला अजून दोन-तीन मिलिमीटर. थर इथेनॉलने पुसला, जुनी बॅटरी डाखातून सोडवली, पत्र्या जोडलेली नवी लावली, उतरवून ठेवलेला सेव्ह परत चढवला. कन्सोलमध्ये टाकलं. पहिली फाइल, दादाचं नाव, ४३.

त्या दिवसापासून हा सगळा प्रकार मी वेगळ्या नजरेने बघायला लागले. केसमध्ये बंद करून नंबर द्यायची ही पद्धत आली नाण्यांकडून. पीसीजीएस ही नाण्यांची ग्रेडिंग कंपनी १९८६ची. पाच वर्षांनी पीएसएने खेळाडूंच्या कार्डांना तीच पद्धत लावली, २०००मध्ये सीजीसीने कॉमिक्सना, २००८मध्ये व्हीजीएने व्हिडिओ गेमना. वाटाचं काम २०१८चं. नाणं म्हणजे सगळा पृष्ठभागच. त्याच्या दोन बाजू आणि कड बघितली की बघण्यासारखं काही उरत नाही, आणि केसमध्ये ठेवल्याने त्याचं काही अडतही नाही. कार्डाचंही तेच. कॉमिक बंद केलं की वाचता येत नाही, पण निदान बंद करण्याआधी पानं मोजतात. गेमला आत आहे. बोर्ड आहे, बॅटरी आहे, डिस्क असेल तर तिचा थर कुजू शकतो. नाण्याची पद्धत जशीच्या तशी उचलून गेमला लावली आणि त्यात आतलं सगळं हिशेबातून सुटलं. राहिला पुठ्ठा. मोठ्या लिलावांत लाखो डॉलर ज्यावर लागले, ते पुठ्ठा आणि त्यावरचं पातळ प्लॅस्टिक.

आता त्या प्लॅस्टिकबद्दल. निन्टेन्डोच्या त्या काळच्या बॉक्सना मागच्या बाजूला इंग्रजी एच अक्षरासारखा जोड असतो, संग्राहक त्याला 'एच-सीम' म्हणतात. जोडाची रुंदी, प्लॅस्टिकचा ताण, कडेची घडी यांवरून सील ओळखतात. माझ्या डॉक्टर मारिओला एच-सीम आहे. कंपनीने सीलला ए दिलं म्हणजे शंका मिटायला हवी होती. पण झेल्डाचा स्क्रू बघितल्यावर ती मिटली नाही, उलट वाढली. मग मी ठरवलं की यांची ग्रेड यांच्याच हातून तपासून घ्यायची.

डॉक्टर मारिओची केसही फोडली. बॉक्सच्या सहाही बाजू पुन्हा स्कॅन केल्या, जुन्या स्कॅनवर ठेवून एकेक कोपरा मोठा करून जुळवला. काही फरक नव्हता. मार्च २०२३मध्ये तोच बॉक्स, त्याच कंपनीला, नव्या फॉर्मवर पाठवला. आधी ग्रेड झाला होता हे सांगितलं नाही, फॉर्ममध्ये तसा प्रश्नही नव्हता. या वेळी पाच महिन्यांत आला.

८.५. सीलला ए+.

बॉक्स उतरला होता आणि सील सुधारलं होतं. एकाच प्लॅस्टिकचं. मी दोन्ही लेबलं टेबलावर शेजारी ठेवली आणि कितीतरी वेळ बघत बसले. या पट्टीवर ९.२ वरून ८.५ म्हणजे दोन पायऱ्या खाली, आणि वरच्या टोकाला एकेका पायरीने किंमत दुप्पट-तिप्पट होऊ शकते. माणसाच्या नजरेने दिलेला अंदाज इतका मागेपुढे होणारच, त्यात लाज नाही. मीही एकच बॉक्स सकाळी आणि संध्याकाळी बघितला तर वेगळं मत देईन. खटकतं ते दशांश चिन्ह. 'बॉक्स चांगला आहे' असं म्हणणारा माणूस मत देतो, '९.२' म्हणणारा मोजमाप सांगतो, आणि घेणारा मोजमापाचे पैसे देतो.

याच्यापुढे एक गोष्ट आहे जी फार कमी बोलली जाते. माझ्यासारखे फोडून परत पाठवणारे बरेच आहेत, फरक इतकाच की ते नंबर वाढवायला पाठवतात. कमी आला तर फोडायचा, पुन्हा पाठवायचा. वाढला की थांबायचं. विचार करा, नंबर जर कधी वर कधी खाली होणार असेल आणि लोक फक्त वर गेल्यावरच थांबणार असतील, तर बाजारात फिरणाऱ्या केसांवर वरचेच नंबर जास्त दिसणार. कुणी एकानेही लबाडी केली नाही तरी. आणि हा फुगवटा नेमका तिथे जास्त, जिथे गेम महाग, कारण तिथेच परत फी भरणं परवडतं.

मोजणीचंही तसंच. किती प्रतींना कुठली ग्रेड मिळाली याच्या याद्या कंपन्या काढतात आणि 'या ग्रेडच्या फक्त इतक्याच' म्हणून जाहिराती होतात. माझा एक डॉक्टर मारिओ त्या यादीत दोन ठिकाणी बसला आहे, एकदा ९.२ म्हणून, एकदा ८.५ म्हणून. पहिलं लेबल अजून माझ्या खणात आहे. ते परत पाठवा असं मला कुणी सांगितलं नाही. उद्या माझ्यापेक्षा कमी सरळ माणसाच्या खणात ते असतं, तर ते आणखी कुठल्या केसवर गेलं असतं याचा विचार करवत नाही.

ग्रेडिंगने काहीच भलं होत नाही असं मी म्हणणार नाही. ओळखीच्या एका संग्राहकाचा गेम बॉय गेम त्यांनी 'पुन्हा सील केलेला' म्हणून परत पाठवला आणि त्याचे पुढचे पैसे वाचले. नवख्या माणसाला दूरवरून विकत घेताना कुणीतरी हातात धरून पाहिलंय, याचा आधार वाटतो, तो खोटा नाही. पण मोठी फसवणूक जेव्हा उघडी पडली तेव्हा ती पाडली कुणी, तेही लक्षात ठेवायला हवं. २०२२मध्ये जुन्या पीसी गेमच्या बनावट प्रतींचं प्रकरण बाहेर आलं. १९८०च्या आसपासचे गेम, मोठ्या रकमांना विकले गेलेले. संग्राहकांनीच आपापल्या प्रती काढल्या, लेबलं शेजारी ठेवली, छपाईचे ठिपके भिंगाखाली बघितले आणि एकमेकांना फोटो दाखवून खोटं काय ते ठरवलं. उघड्यावर, सगळ्यांसमोर, कारणं देत. कुणाला पटलं नाही तर तो आपली प्रत आणून दाखवू शकत होता.

माझं मागणं त्याहून जास्त नाही. आत बघितलं की नाही ते लेबलवर लिहा. काय दोष धरले त्याच्या खुणा द्या. आल्या दिवशी बॉक्सचे फोटो काढा आणि पाठवणाऱ्याला द्या, म्हणजे घडी कुणाची हा वाद होणार नाही. किमतीवर फी घेऊ नका, कामावर घ्या. एकच बॉक्स नाव न सांगता आपल्याच दोन ग्रेडरांना द्या आणि किती फरक पडतो ते छापा. हे सगळं मी त्यांना पत्रात लिहिलं. पोचपावती आली, पुढे काही नाही.

विम्याचं मात्र काम झालं. त्यांना मी स्कॅन, बोर्डाचे फोटो, बॅटरी बदलल्याची तारीख आणि दोन जाणकारांची सही असलेलं टिपण दिलं. अधिकारी बाईंनी अर्धा तास एकेक फोटो नीट बघितला, दोन प्रश्न विचारले, एक बोर्डावरच्या क्रमांकाबद्दल, आणि मान्य केलं. इतक्या बारकाईने तो गेम त्याआधी कुणी पाहिला होता असं मला वाटत नाही.

झेल्डा आता साध्या पारदर्शक डब्यात आहे, झाकण उघडतं असा. दादा आला की आम्ही काढतो.

डॉक्टर मारिओ मी विकायला काढला आहे. वर्णनात दोन्ही ग्रेड लिहिल्या आहेत, दोन्ही लेबलांचे फोटो आहेत, बारा स्कॅन आहेत, मागच्या जोडाचा फोटो पट्टी ठेवून काढलेला आहे. शेवटी लिहिलं आहे की सीलच्या आत काय आहे ते मी पाहिलेलं नाही आणि ग्रेड देणाऱ्यांनीही पाहिलेलं नाही. दोन जणांनी ते वाचून माघार घेतली. तिसऱ्याने काल जोडाचा आणखी जवळून फोटो मागितला आहे. आज उन्हात काढून पाठवते.